आधी ताका दाखव!

किस्से जमवायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. सुरतच्या लिंबायतमध्ये रमेशभाईच्या चहाच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, लागून एक बाकडं आहे. त्यावर सकाळी अर्धा तास बसलं की एखादा किस्सा आपोआप अंगाला चिकटतो. घरी गेल्यावर बायको विचारते, "काय आणलं?" कोथिंबीर आणायची राहिलेली असते, किस्सा मात्र आणलेला असतो! गेल्या काही महिन्यांत तर इतके साचले की सांगून टाकल्याशिवाय माझी सुटका नाही. गंमत म्हणजे यातले बरेचसे एका अशा माणसामुळे साचले, जो सुरतेत कधी आला नाही आणि येणारही नाही.

हा माणूस म्हणजे आखाताच्या बाजूच्या एका देशाचा हुकूमशहा. त्याचं नाव आम्हा चौघांपैकी एकालाही नीट उच्चारता येत नाही. पेपरात त्याचा फोटो आला, त्यात छातीवर इतके बिल्ले होते की आमच्यातल्या काशिनाथने गंभीरपणे विचारलं, "हाऊ सदरा धुवाले कसा टाकत व्हई?" तेव्हापासून तो आमचा 'बिल्लेवाला'. आज शेजाऱ्याच्या समुद्रात रॉकेट टाक, उद्या सरहद्दीवर रणगाडे उभे कर, परवा धमकी दे, असा त्याचा उद्योग चाललेला असतो.

आता आम्ही चौघं. बापू पाटील तीस वर्षं पावरलूमच्या कारखान्यात मास्टर होते, म्हणजे सगळ्या कारागिरांचे मुख्य. रिटायर झाले तरी सकाळी सातला, पाळी बदलायच्या वेळी, पांढरी टोपी घालून लारीवर हजर! काशिनाथ त्यांच्याच हाताखाली शिकलेला कारागीर, अजून बारा मशीन चालवतो. दोघेही खानदेशातले, त्यामुळे आपसात अहिराणी. देशमुख गुरुजी परभणीकडचे, मराठी शाळेतून निवृत्त. आणि मी बँकेत क्लार्क, मूळचा भुसावळचा, पेपर विकत घेणारा एकटा मीच.

बिल्लेवाल्याशी आमचं वाकडं असण्याचं कारण बापूंच्या घरात आहे. त्यांचा योगेश त्या बिल्लेवाल्याच्या अगदी शेजारच्या देशात, बंदरावर क्रेनचा मेकॅनिक आहे. दोन वर्षं झाली, घरी आलेला नाही. करार संपत आला होता, तिकीट काढायचं चाललं होतं आणि नेमका तेव्हाच या गृहस्थाला जोर चढला! त्यामुळे बाकीचं जग 'युद्ध होणार का' असं विचारत होतं आणि आम्ही 'योगेश येणार का' असं विचारत होतो.

*

पहिल्या रॉकेटच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बाकड्यावर वर्गच घेतला. बिल्लेवाला असं का करतो, याची पाच कारणं. प्रादेशिक वर्चस्व, तेलमार्गावरचं नियंत्रण, ऐतिहासिक अपमानाची भावना, लष्करातल्या बड्या लोकांना कामात ठेवणं आणि महासत्तांचं लक्ष वेधणं. प्रत्येक कारणाला एक बोट. पाचवं बोट मिटेपर्यंत चहावर साय धरली होती.

काशिनाथ रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याने जांभई दिली आणि म्हणाला, "गुरुजी, त्याना गावमा नळले पानी येत नही व्हई."

गुरुजी चिडले. "अरे, आंतरराष्ट्रीय राजकारण चालू आहे! नळ कामून आणायलास मधे?"

तिसऱ्या दिवशी मी पेपर उघडला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींची बातमी. बिल्लेवाल्याच्या राजधानीत पाण्यासाठी बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या!

मी पेपर गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. मग काशिनाथला चहा पाजला. गुरुजींनी स्वतःहून चहा पाजल्याचं आमच्या बाकड्यावर कुणाला आठवत नाही.

*

काशिनाथला हे सुचलं कसं? तर ही बापूंची शिकवण.

कारखान्यात लूमचा आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अशा ठिकाणी भांडणं रोजचीच. कुणाची बाटली कुणी प्यायली, कुणाचा पंखा कुणी आपल्याकडे वळवला. दुसरे मास्टर भांडण ऐकून घ्यायचे, दोघांची समजूत काढायचे. बापूंनी कधी भांडण ऐकलंच नाही. ते यायचे, दोघांपैकी आधी कोण ओरडलं एवढंच विचारायचे आणि सरळ त्याच्या मशीनपाशी जाऊन म्हणायचे, "ताका दखाड!"

ताका म्हणजे मशीनवर विणून गुंडाळलं जाणारं कापड. तो उलगडला की आत हमखास काहीतरी निघायचं. धागे तुटलेले, कापडात हातभर फट, आणि कारागीर डुलकी काढून उठल्याबरोबर शेजाऱ्यावर तुटून पडलेला. मास्टर भांडणात गुंतला की ताका कोण बघतो!

काशिनाथ स्वतः यात सापडलाय. नवीन असताना त्याने शेजारच्या कारागिराची गचांडी धरली. कारण काय, तर 'तो माझ्याकडे बघून हसला.' बापू आले. ताका उलगडला. दीड हात कापड असं विणलेलं की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा!

बापू त्या भोकातून शेजारच्या कारागिराकडे बघत म्हणाले, "खरंच हसी राह्यना रे तो!"

तेव्हापासून काशिनाथ कुणाशी भांडला नाही. कुणी भांडायला लागलं की मात्र तो आधी इकडेतिकडे ताका शोधतो.

*

नळाच्या बातमीनंतर गुरुजींनी पद्धत उचलली. शाळेच्या वहीसारखी एक वही केली. डाव्या पानावर 'रॉकेट', उजव्या पानावर 'ताका'. बिल्लेवाल्याने काही उद्योग केला की डावीकडे नोंद. मग चार दिवस पेपर, मोबाइल, जे मिळेल ते चाळून उजवं पान भरायचं. रणगाडे हलवले, ताका: पावाच्या दुकानांपुढे रांगा. विमानं घिरट्या घालून आली, ताका: जावयाने बांधलेला पूल खचला. 'मातृभूमीच्या सन्मानासाठी' मोठं भाषण, ताका: निवडणूक पुढे ढकलली!

एकदा मात्र गुरुजी अडले. डावीकडे भलंमोठं रॉकेट आणि उजवं पान कोरं. आठवडा गेला तरी काही सापडेना. गुरुजी हिरमुसले. "बापू, या वेळी खरोखर परराष्ट्र धोरणच दिसतंय."

बापूंनी बशीतला चहा संपवला. "गुरुजी, ताका नाही असं होत नाही. अजून उलगडला नाही एवढंच."

पान कोरं ठेवलं. महिनाभराने बातमी आली की बिल्लेवाल्याचा मोठा मुलगा त्याच सुमारास वडिलांना हटवायच्या खटपटीत होता. गुरुजींनी लाल पेनने उजवं पान भरलं आणि खाली बापूंना दहापैकी दहा मार्क दिले.

*

आता आमच्या डिंडोलीतल्या सोसायटीचा किस्सा. यात मी स्वतः सैन्यात होतो, म्हणून लाज बाजूला ठेवून सांगतो.

आमच्या चेअरमनसाहेबांनी एका रविवारी अचानक मीटिंग बोलावली. विषय: शेजारच्या सोसायटीची आक्रमक वृत्ती! त्यांच्या कडुनिंबाची फांदी आमच्या हद्दीत चार फूट आली होती. चेअरमन टेबलावर हात आपटून म्हणाले, "आज फांदी आली, उद्या खोड येईल!"

आम्ही पेटलो. खरंच पेटलो! कंपाउंडला बांबू बांधले, झेंडा लावला, गस्तीच्या पाळ्या ठरल्या. माझी पाळी सकाळी सहा ते सात. हत्यार म्हणून मुलीची बॅडमिंटनची रॅकेट. पलीकडे त्यांचा एक काका हातात क्रिकेटचा स्टंप घेऊन. रोज समोरासमोर, एकमेकांकडे रोखून बघत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पेपर किती वाजता येतो?"

त्या आठवड्यात बापू माझ्याकडे जेवायला आले. बांबू बघितले, झेंडा बघितला, फांदी बघितली. मग जिन्यापाशी येऊन म्हणाले, "लिफ्ट कुठंय?"

लिफ्ट चार महिने बंद होती. गस्तीच्या नादात आम्ही साफ विसरलो होतो. बापू गुडघ्यावर हात ठेवत तीन मजले चढले, वर पोचल्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "चांगला लांब ताका आहे तुमचा."

पुढच्या मीटिंगला मी विषय काढला. चेअरमन गरजले, "आधी सीमा, मग लिफ्ट!" टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजी उभ्या राहिल्या. ऑपरेशन झालेला गुडघा, हातात काठी.

"सीमा तुम्ही खुशाल सांभाळा," त्या म्हणाल्या. "त्याआधी सैन्यातल्या दोघांनी मला उचलून वर न्या!"

नेलं. मी पायाकडून होतो. पंधरा दिवसांत लिफ्ट सुरू झाली. फांदी अजून तिथेच आहे, तिच्या सावलीत आता चेअरमनसाहेबांची गाडी असते.

*

रमेशभाईसुद्धा यातून सुटला नाही.

एका सकाळी तो विनाकारण काशिनाथवर घसरला. बाकड्यावर किती वेळ बसता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला जागा नाही, वगैरे. वीस वर्षांत पहिल्यांदा! काशिनाथ उत्तर द्यायला उठला, पण बापूंनी त्याला हाताने बसवलं, शांतपणे लारीपाशी गेले आणि पातेल्यावरचं झाकण उचललं.

चहात आलं नव्हतं!

रमेशभाईचा चेहरा उतरला. "शुं करुं बापू, आदु मोंघुं थई गयुं. पेली लडाई चाले छे ने!"

गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. "रमेशभाई, आलं साताऱ्याहून येतं. सातारा आखातात नाही!"

ही बिल्लेवाल्याची खरी करामत. तिकडे त्याचं रॉकेट समुद्रात पडलं की इकडे सुताचे व्यापारी भाव वाढवतात, मालक एक पाळी बंद करतात आणि रमेशभाई आलं काढून टाकतो. ज्याच्या त्याच्या हाती तो एक आयतं कारण देतो. दुसऱ्या दिवशी चहा इतका तिखट होता की चौघांनाही ठसका लागला.

*

बापूंच्या घरी, नवागामला, मी कधीमधी जातो. योगेशच्या आई, सुशीलावहिनी, दारात बिबडे वाळत घालून बसलेल्या असतात. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. आखाताकडे जाणारा कुणीही सापडला की त्याच्या बॅगेत ते जातात. योगेश ते बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये बसून खातो म्हणे.

विमानं बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, तुम्ही बँकमा शेतस. इंग्रजी पत्र लिखता येस ना?"

"येतं ना. कुणाला लिहायचं?"

"त्या बिल्लावालाले."

मी खिशातून पेन काढलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वहिनी बिबड्यांवरची चादर सारखी करत सांगू लागल्या. "लिखा. तुन्ही माय जित्ती शे का?"

लिहिलं.

"लिखा. घरमा तुले 'गप बस' म्हननारं कोनी शे का नही?"

तेही लिहिलं. मग त्या बिबडे उलटू लागल्या. मी म्हटलं, "अजून काही?"

"नही. त्याले कोनीच नही व्हई," त्या म्हणाल्या. "म्हनीसन तर असा करस."

गुरुजींच्या पाच कारणांत हे कारण नव्हतं. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत एक नवीन पान काढलं आणि वर नुसतं 'वहिनी' असं लिहिलं. पत्र माझ्याकडेच आहे. पाठवायचं कुठे, ते माहीत नाही.

*

मग ते तीन दिवस आले.

बिल्लेवाल्याने शेजारच्या बंदराच्या दिशेने रॉकेटं सोडली. ती समुद्रात पडली की बंदरावर, यावर पेपरांचं एकमत नव्हतं. बापू नेहमीसारखे सातला आले, टोपी सरळ, चहा बशीत. योगेशबद्दल विचारलं की म्हणायचे, "ठीक आहे तो." आम्ही विश्वास ठेवला. बापूंसारखा माणूस खोटं बोलेल असं मनातच आलं नाही.

तिसऱ्या सकाळी गुरुजींनी पेपरचं मधलं पान काढून घेतलं. रोज घेतात. बापू ताडकन उभे राहिले.

"तुम्हाला काही रीत आहे का हो? माणूस पेपर वाचतोय आणि तुम्ही पान ओढता? शाळेत पोरांना हेच शिकवलं का?"

पेपर खरं तर माझ्या हातात होता. बापू वाचतच नव्हते. गुरुजी गोंधळून गेले. "बापू, अहो... कामून ओरडायलात?"

"ओरडेन! माझं बाकडं आहे!"

रमेशभाईने गॅस बारीक केला. कारखान्यात जाणारे दोघंतिघं थांबून बघू लागले. बापूंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता आणि मला तो ऐकवेना.

काशिनाथ उठला. बापूंच्या समोर जाऊन उभा राहिला. हा माणूस त्यांच्यासमोर अजून कधी पाय मोकळे सोडून बसत नाही. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "मास्टर. ताका दखाडा."

बापू खाली बसले. खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यापुढे धरला. योगेशला पाठवलेले सतरा-अठरा मेसेज, एकाखाली एक. 'कसा आहेस.' 'जेवला का.' 'फोन कर.' 'आईला सांगितलं तू बरा आहेस.' प्रत्येकापुढे एकच बारीक खूण. एकही पोचला नव्हता.

"मला भीती वाटते," बापू म्हणाले.

गुरुजींनी मधलं पान घडी करून बापूंच्या मांडीवर ठेवलं. काशिनाथ त्या दिवशी घरी झोपायला गेलाच नाही, दुपारपर्यंत तिथेच बसून राहिला.

*

सहाव्या दिवशीची गोष्ट. सकाळी सव्वासात. आम्ही चौघं रस्त्याकडे पाठ करून बाकड्यावर बसलेलो, समोर लारी. आदल्या दिवसापासून काही विमानं पुन्हा सुटू लागल्याचं पेपरात होतं. बापूंचा फोन वाजला.

योगेश!

बापूंनी घाईने फोन उचलला. काशिनाथने स्पीकर लावून दिला. मागे कसलीशी खटखट येत होती, पण आमच्याकडे चारी बाजूंना लूम चालू असतात, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"योगेश? बेटा, कसा शे तू?"

आणि योगेश सुटला! "बापू, तुम्ही मले सारखा मेसेज कसाले करतस? मी काय धाकला पोऱ्या शे का? काम करू का फोन देखत बसू? आनि मायले सांगा, ते बिबडा धाडू नको आते! बठ्ठा चुरा व्हई जास!"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गुरुजींचा चेहरा रागाने लाल झाला. सहा दिवस बापाचा जीव टांगणीला आणि हा बिबड्यांवरून भांडतो? योगेशला मी लहानपणापासून ओळखतो. त्याने कधी कुणाला 'अरे' म्हटलेलं मला माहीत नाही.

बापू मात्र रागावले नाहीत. ते ऐकत होते. मान जराशी तिरकी करून, लूममधला बिघाड शोधताना करायचे तशी. योगेश दमला, थांबला.

"ताका दखाड," बापू म्हणाले.

"कसाना ताका?"

"व्हिडिओ लाव. कॅमेरा फिराव."

"बापू, नेटवर्क नही शे..."

"फिराव."

थोडा वेळ काहीच नाही. मग स्क्रीन उजळली. आधी अंधुक, मग डांबरी रस्ता, एक उभी रिक्षा, रिक्षावर दोरीने बांधलेली मोठी बॅग. कॅमेरा हलत हलत वर आला. रस्त्यापलीकडे एक लारी, तिच्यावर वाफ. लारीपुढे बाकडं. बाकड्यावर पाठमोरे चार जण, एका फोनवर डोकी घालून बसलेले. कडेच्या एकाच्या डोक्यावर पांढरी टोपी.

बापूंनी हात वर नेला आणि टोपी काढली.

क्षणभराने, स्क्रीनमधल्या माणसानेही काढली.

बापू मागे वळले नाहीत. टोपी मांडीवर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"रमेशभाई," ते म्हणाले, "एक चहा वाढव."